लॉकची चिमणी

जॉन लॉक हा इंग्रज तत्त्ववेत्ता आपल्याला शाळेच्या इतिहासात 'नैसर्गिक हक्क' वगैरेंच्या ओळीत एकदा भेटतो आणि परीक्षेनंतर कायमचा निघून जातो. पण या माणसाने १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं होतं. एका मित्राला मुलगा कसा वाढवावा याबद्दल पाठवलेल्या पत्रांतून ते तयार झालं. त्यात मुलांच्या भीतीबद्दल एक छोटा परिच्छेद आहे.

लॉक म्हणतो, तुमचं मूल बेडूक बघून किंचाळत पळतं ना? मग दुसऱ्या कुणाला तरी बेडूक पकडायला सांगा आणि मुलापासून लांब ठेवा. आधी मुलाला नुसतं बघायची सवय होऊ द्या. ते जमलं की थोडं जवळ जायचं आणि बेडकाला उड्या मारताना बघायचं. मग दुसऱ्याने हातात घट्ट धरलेल्या बेडकाला हळूच बोट लावायचं. असं करत करत मूल शेवटी बेडूक इतक्या बिनधास्तपणे हाताळेल, की जणू फुलपाखरू किंवा चिमणीच!

हे वाचून मला आधी आनंद झाला आणि मग लॉकचा जाम राग आला. कारण त्याच्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे 'ज्याची भीती कुणालाच वाटत नाही' अशा जागी, चिमणी बसलेली आहे. माझी शिडी सुरूच तिथून होते.

तर सांगायचा मुद्दा असा की मला पक्ष्यांची भीती वाटते. कळायला लागल्यापासून. ऑर्निथोफोबिया असं भारदस्त नाव आहे त्याला, पण नावाने काही फरक पडत नाही. लोक हसायचे ते हसतातच. सापाला घाबरा, पालीला घाबरा, उंचीला घाबरा, सगळं चालतं. सहा फुटी इंजिनिअर कबुतर बघून लिफ्टमध्ये परत शिरला की अख्ख्या मजल्याची करमणूक होते. आणि मराठी माणसाचं तर बालपणच काऊ-चिऊच्या घासावर झालेलं असतं. आमच्या घरी मला भरवताना काऊचा घास, चिऊचा घास करायची सोय नव्हती म्हणे. मी तोंड मिटून घ्यायचो.

भीती नेमकी कसली, हे सांगणं अवघड आहे. आकाशात लांबवर घिरट्या घालणाऱ्या घारीचं मला काही नाही. मला भीती आहे ती अचानक होणाऱ्या फडफडीची. कबुतर उडताना पंख एकमेकांवर आपटल्यासारखा टाळीचा आवाज येतो ना, तो आवाज कानाजवळ झाला की पुढची काही सेकंदं मी तिथे नसतो. नंतर भान येतं तेव्हा मी रस्त्याच्या मध्यभागी असतो. एकदा मागून रिक्षा येत होती. त्यामुळे हा फक्त करमणुकीचा विषय नाही.

सांगितल्यावर प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो 'पण का?' आमच्या घरात याची तीन उत्तरं आहेत. आईच्या मते मी दोन वर्षांचा असताना गावी कोंबडा मागे लागला होता. आजीच्या मते कोंबडा नव्हे, कावळ्याने हातातली पोळी पळवली होती. काका म्हणतो दोन्ही खोटं, पोरगं पहिल्यापासूनच भित्रं आहे. मला स्वतःला यातलं काहीही आठवत नाही. कित्येक वर्षं मी असं धरून चाललो होतो की खरं कारण एकदा सापडलं की भीती जाईल. या 'का?'चाच इतिहास शोधायला गेलो, आणि निघालं भलतंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या 'का?'चा सगळ्यात मोठा कंत्राटदार होता सिग्मंड फ्रॉइड. १९०९ मध्ये त्याने घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या 'छोट्या हान्स'ची कथा प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की मुलगा खरा घोड्याला घाबरत नाही, बापाला घाबरतो. घोडा हा नुसता मुखवटा. मजा म्हणजे मुलावरचे 'उपचार' बहुतांशी मुलाच्या वडिलांनीच केले. फ्रॉइड त्यांना पत्रांतून सल्ला देत होता, मुलाला तो मोजकंच भेटला. आणि हान्सने रस्त्यात एका गाडीचा घोडा कोसळून पाय झाडताना स्वतः पाहिला होता, हेही त्याच वृत्तांतात आहे.

पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, फ्रॉइड एका पक्ष्याकडे वळला. लिओनार्दो दा विंचीने पक्ष्यांच्या उडण्याबद्दलच्या टिपणांत आपली एक आठवण लिहिली आहे. आपण पाळण्यात असताना एक पक्षी येऊन त्याने आपल्या ओठांवर शेपटी आपटली, अशी. (वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला. लिओनार्दोला त्यातून पक्ष्यांचं वेड लागलं. माणसं वेगळी असतात.) फ्रॉइडच्या हातात जे जर्मन भाषांतर होतं, त्यात हा पक्षी होता गिधाड. गिधाड म्हटल्यावर फ्रॉइडला आठवली इजिप्तची गिधाडरूपी मातृदेवता मूत. त्यावरून आई, त्यावरून लिओनार्दोचं बालपण, त्यावरून त्याचं सगळं मन... असा भलाथोरला इमला त्याने उभा केला. भानगड एवढीच की लिओनार्दोने मुळात 'निब्बिओ' असं लिहिलं होतं. निब्बिओ म्हणजे घार! गिधाडाचा काही संबंधच नव्हता. भाषांतराची चूक नंतर अभ्यासकांनी दाखवून दिली आणि इमल्याचा पायाच निसटला.

आमच्या घरचा कोंबडा की कावळा हा वाद मला इथे हटकून आठवतो.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शन सपोर्ट नावाचा एक छळ असतो. रात्री दोन वाजता सिस्टिम झोपली तर पहिला नियम: आधी सेवा सुरू करा. ती का पडली याचं रूट कॉज अनॅलिसिस सकाळी चहा पिऊन करता येतं. कधीकधी ते कधीच होत नाही आणि सिस्टिम पुढे वर्षानुवर्षं सुखाने चालते. फ्रॉइडच्या पंथाचं म्हणणं नेमकं उलटं होतं. मूळ सापडल्याशिवाय वरवरची भीती घालवलीत तर ती दुसऱ्या कुठल्या तरी रूपात उगवेल. हे म्हणणं पुढची पन्नासेक वर्षं बऱ्यापैकी चाललं.

त्याला पहिला धक्का दिला जॉन वॉटसनने, पण फार वाईट पद्धतीने. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉटसन आणि त्याची विद्यार्थिनी रोझाली रेनर यांनी 'अल्बर्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलावर प्रयोग केला. तो १९२० मध्ये छापून आला. नऊ महिन्यांचा असताना अल्बर्ट पांढऱ्या उंदराला अजिबात घाबरत नव्हता. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याला उंदीर दाखवायचा आणि त्याने हात लावला की डोक्यामागे टांगलेल्या पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा, असा उद्योग सुरू झाला. काही वेळातच नुसता उंदीर दिसला तरी मूल रडायला लागलं. पुढे ससा, कुत्रा आणि फरचा कोट पाहूनही. म्हणजे भीती शिकवता येते, हे सिद्ध झालं. शिकवलेली भीती काढायची कशी, हे करून बघायच्या आत मूल तिथून गेलं. ते जाणार हे वॉटसनला आधीपासून माहीत होतं. त्याच वर्षी रेनरबरोबरच्या प्रकरणावरून वॉटसनला विद्यापीठ सोडावं लागलं आणि तो जाहिरातीच्या धंद्यात शिरला.

असंच एक प्रकरण १९२९ मध्ये इंग्लिश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नोंदवलं. या वेळी उंदराऐवजी होतं लाकडी बदक. वारंवार धाडधाड आवाज करूनही ते मूल बदकाला घाबरेना. लाकडी असलं तरी पक्षीच ना तो! त्या अनोळखी बाळाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता या गोष्टीतली माझी आवडती व्यक्ती. मेरी कव्हर जोन्स. रेनरची व्हासार कॉलेजमधली मैत्रीण. वॉटसनचं न्यूयॉर्कमधलं एक व्याख्यान ऐकून तिला प्रश्न पडला: भीती लावता येते, तर मग काढता का येऊ नये? तिला भेटलेल्या मुलाचं तिने दिलेलं नाव पीटर. वय २ वर्षं १० महिने. तो पांढऱ्या उंदराला घाबरायचा, सशाला घाबरायचा, फरच्या कोटाला घाबरायचा, कापसाला घाबरायचा आणि पिसाला घाबरायचा. होय, पक्ष्याच्या पिसाला! १९२४ च्या तिच्या निबंधात ही यादी वाचली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं पावणेतीन वर्षांचं पोर, पण आमची ओळख पटली.

ही भीती पीटरला कुठून लागली, हे जोन्सला माहीत नव्हतं. तिने ते शोधण्यात वेळही घालवला नाही. तिने काय केलं, तर पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा, आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून हळूहळू जवळ आणायचा. इतका जवळ नाही की खाणं थांबेल. शिवाय सशाला न घाबरणारी दुसरी मुलं मधूनमधून त्याच्याबरोबर खेळायला ठेवायची. प्रगती मोजायला तिने १७ पायऱ्या पाडल्या होत्या. पहिल्या पायरीवर ससा खोलीत कुठेही पिंजऱ्यात असला तरी भीती. मग १२ फुटांवर चालतो. मग ४ फुटांवर. मग ३. मग पिंजरा अगदी शेजारी. मग ससा खोलीत मोकळा. मग बाईंनी धरलेल्या सशाला हात लावणं... असं करत सगळ्यात शेवटची पायरी: ससा पीटरची बोटं कुरतडतो आणि पीटर कुरतडू देतो. ती पायरीही त्याने गाठली. ससा गेला तशी कापसाची, कोटाची आणि पिसाची भीतीही गेली. त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

पण हा आलेख सरळ वर गेलेला नाही, आणि त्यासाठीच मला हा निबंध फार खरा वाटतो. मधेच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि तो जवळजवळ दोन महिने इस्पितळात होता. तिथून परत निघताना, नर्सबरोबर टॅक्सीत चढत असतानाच एक मोठा कुत्रा त्यांच्या अंगावर धावून आला. प्रयोगशाळेत परतला तेव्हा पीटर पुन्हा पार खालच्या पायरीवर. सगळी मेहनत पाण्यात. जोन्सने ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाऊची पद्धत त्यानंतर सुरू केली.

तिने आणखी एक इशारा देऊन ठेवला आहे. खाऊ आणि ससा एकत्र आणताना घाई केलीत, तर सशाची भीती जाण्याऐवजी खाऊचीच भीती बसू शकते. म्हणजे वेग महत्त्वाचा. 'एकदा कबुतर हातात दे त्याच्या, जाईल भीती' असं सांगणाऱ्या तमाम काकांना ही ओळ फ्रेम करून द्यावीशी वाटते.

असं बावनकशी काम, पण पुढे तीसेक वर्षं त्याकडे जवळपास कुणी ढुंकून पाहिलं नाही. मुळाशी न जाता भीती घालवणं हे तेव्हा उथळ समजलं जायचं. जोन्स स्वतः कॅलिफोर्नियाला जाऊन मुलांच्या वाढीवरच्या दीर्घ अभ्यासात रमली. तिची शिडी पुन्हा उभी केली ती दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पेने. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करी डॉक्टर होता. रणांगणावरून भेदरून आलेल्या सैनिकांना औषध देऊन बोलतं करायचं, ही तेव्हाची रीत. त्याने टिकाऊ फायदा होत नाही हे त्याने स्वतः पाहिलं. मग जोहान्सबर्गला मांजरांवर प्रयोग केले: जिथे भीती बसली तिथून लांबच्या, कमी भीतीच्या जागी मांजराला खायला घालायचं आणि मग टप्प्याटप्प्याने जवळ आणायचं. माणसांसाठी खाऊच्या जागी त्याने स्नायू सैल सोडण्याची पद्धत घेतली आणि सशाच्या जागी कल्पना. शांत पडून राहा, भीतीच्या यादीतलं सगळ्यात सौम्य दृश्य डोळ्यांसमोर आणा, शरीर पुन्हा सैल झालं की पुढचं. १९५८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. पुढे त्यानेच जोन्सला 'वर्तनोपचाराची आई' म्हटलं.

माझ्या विषयाच्या दृष्टीने १९६३ हे साल मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी हिचकॉकचा 'द बर्ड्स' आला. मी तो पाहिलेला नाही आणि पाहणार नाही, पण त्याबद्दल वाचलंय भरपूर. माळ्यावरच्या शेवटच्या हल्ल्याच्या दृश्यात खोटे, यांत्रिक पक्षी असतील असं टिपी हेड्रन या नायिकेला सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले. शेवटी डॉक्टरने तिला सक्तीची विश्रांती घ्यायला लावली. आणि त्याच वर्षी, इंग्लंडमधून निघालेल्या एका नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात क्लार्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका बाईची केस छापली. तिला भीती होती पक्ष्यांची आणि पिसांची. उपचार वोल्पेच्या शिडीचा. एकीकडे जगभरच्या थिएटरांत लोकांना पक्ष्यांची भीती तिकीट लावून विकली जात होती, आणि दुसरीकडे कुणीतरी एका बाईपुढे एकेक पीस शांतपणे ठेवत होतं. कुणाचं नाव जगाला माहीत झालं ते सांगायला नको.

बाकीचं थोडक्यात सांगतो. १९६६ मध्ये मार्क्स आणि गेल्डर यांनी दाखवलं की प्राण्या-पक्ष्यांची भीती इतर भीतींपेक्षा फार लवकर लागते, सरासरी चार-साडेचार वर्षांच्या वयात. म्हणजे मला कारण आठवत नाही यात नवल काहीच नाही. नुसत्या कल्पनेपेक्षा खऱ्या वस्तूसमोर, उपचार करणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवत केलेला सराव जास्त लागू पडतो, हे बांडुराने १९६९ मध्ये सापाला घाबरणाऱ्यांवर दाखवलं. आणि १९८९ मध्ये स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्टने ही सगळी शिडी एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत चढवायची पद्धत मांडली. तीन तास! आमची सोमवारची स्टेटस मीटिंग कधीकधी तेवढी चालते.

या वाचनाला मी लागलो ते आजोबांच्या दहाव्यानंतर. घाटावर पिंड ठेवले होते, सगळे बाजूला सरून कावळ्यांची वाट बघत होते. एकेक जण पुढे होऊन हात जोडून आजोबांना काहीतरी सांगून येत होता, 'काळजी करू नका, आम्ही आहोत' वगैरे. कावळे आले होते, खूप. पण शिवत नव्हता एकही. आजी म्हणाली, "नातवाला बोलवा, त्याच्यात जीव अडकलाय त्यांचा." मी घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी उभा होतो. पाय उचलले गेले नाहीत. चार जणांनी वळून बघितलं. थोड्या वेळाने कावळा शिवला, आपणहूनच. भटजींना दर्भाचा कावळा करायची वेळ आली नाही. त्याबद्दल नंतर मला कुणी काही बोललं नाही, आजीसुद्धा.

महिन्याभराने मी पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो. मी कोंबडा, कावळा, काका अशी तिन्ही उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी ती ऐकून घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "बरं, सगळ्यात कमी भीती कशाची वाटते ते सांगा." लॉकचंच वाक्य ते, फक्त ३०० वर्षांनी आणि मराठीत.

मग काय, इंजिनिअरला यादी करायला सांगितली की एक्सेल आलंच. बारा ओळी, भीतीला ० ते १०० गुण (ही आकडेवारीही वोल्पेचीच देणगी), तारीख, शेरा. पहिली ओळ: कबुतराचं चित्र. दुसरी: आवाज बंद करून व्हिडिओ. तिसरी: आवाजासकट. फडफडीचा तो आवाज हेडफोनवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा शेऱ्यात '९०' लिहिलंय. विसाव्यांदा ऐकला तेव्हा '२५'. मधे काय घडलं, तर काहीही नाही. नुसता बसून राहिलो. पाचवी ओळ: बाल्कनीचं काचेचं दार बंद, पलीकडे कबुतर. आमच्या सोसायटीत कबुतरांचा तुटवडा नसल्याने साधनसामग्रीचा प्रश्न आला नाही. सातवी: दार उघडं. आठवी: हातात पीस धरणं. पीटर, हे तुझ्यासाठी.

आठवीवर दोन आठवडे छान गेले. मग एका सकाळी बाइक काढताना पार्किंगच्या पत्र्यावरून कबुतर थेट हेल्मेटसमोर आलं आणि मी तिसऱ्या ओळीवर परत. टॅक्सीतला कुत्राच जणू. बाईंना हे अपेक्षित होतं. त्यांनी समजावलं ते असं: जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी नोंद तयार होते, 'फडफड झाली, पण काही झालं नाही' अशी. कुठल्या प्रसंगी कुठली नोंद वर येईल याची झुंज चालू राहते. नवी नोंद एकाच बाल्कनीत शिकलेली असेल तर पार्किंगमध्ये जुनीच वर येते. थोडक्यात, टेस्टिंग एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये झालं होतं. म्हणून मग पार्किंग, गच्ची, बस स्टॉप, नदीकाठ अशा चार नव्या उप-ओळी घातल्या. पडल्यावर दुसऱ्यांदा चढायला पहिल्याच्या निम्मे दिवसही लागले नाहीत.

सध्या नववी ओळ चालू आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे बजी आहेत (दुकानदार ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून खपवतात ते, खरं तर हा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट). रविवारी तिच्याकडे जाऊन मी पिंजऱ्यापासून एक हातावर बसतो आणि चहा-खारी खातो. खारी ही जोन्सबाईंच्या खाऊची पुणेरी आवृत्ती. तिची सहा वर्षांची मुलगी आधी पिंजऱ्यात हात घालून दाखवते आणि माझ्याकडे करुणेने बघते. बांडुराला हवा असतो तसा अगदी आदर्श नमुना. परवा नववीचा आकडा ४० होता.

दहावी ओळ: बजी बोटावर. अकरावी: पितृपक्षात आजोबांच्या तिथीला गच्चीवर पान ठेवायचं आणि कावळा येईपर्यंत तिथेच, कठड्यापाशी उभं राहायचं. आजीला मी हे सांगितलंय. ती म्हणाली, "मी येते बरोबर, पण खुर्ची आण माझ्यासाठी, कावळे वेळ लावतात." बारावी ओळ अजून लिहिलेली नाही.